मुलीची कंपनी आणि आपली एफडी

(चंडीगढमधील मराठी कुटुंबांसाठी घेतलेल्या बचतवर्गातील भाषण)



मागच्या वर्गानंतर आपल्यातलेच एक गृहस्थ मला जिन्यात थांबवून म्हणाले, "मुलगी नोकरी सोडतेय. मोहालीत दोन मैत्रिणींबरोबर कंपनी काढणार, दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर. पंधरा लाख मागतेय. म्हणते, बाबा, वर्षभरात इन्व्हेस्टर येतील, मग तुमचे पैसे मोकळे. काय करू?" निवृत्तीनंतर मिळालेल्या पैशातली एक एफडी पुढच्याच महिन्यात संपत होती, तिचे हे पंधरा लाख. त्यांना विचारूनच मी आज हा विषय घेतला आहे.

"इन्व्हेस्टर येतील, मग तुमचे पैसे मोकळे." या वाक्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. इन्व्हेस्टर येतील ही एक. त्यांचं खरं-खोटं आज कोणीच सांगू शकत नाही. इन्व्हेस्टर आले की बाबांचे पैसे परत मिळतील ही दुसरी, आणि ती बहुतेक वेळा खरी नसते, इन्व्हेस्टर आले तरीसुद्धा. असं का, हे कळायला व्हेंचर कॅपिटलचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो ते बघायला हवं.

उदाहरणासाठी लांब जायला नको. फ्लिपकार्टचे सचिन बन्सल आणि बिनी बन्सल दोघंही याच चंडीगढचे. आडनाव एक, पण नात्याचे नाहीत. दोघं दिल्लीच्या आयआयटीत शिकले, अ‍ॅमेझॉनमध्ये नोकरीला लागले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये बंगळुरूत पुस्तकं ऑनलाइन विकायला लागले. दोघांचं मिळून भांडवल चार लाख रुपये. २००९ मध्ये अ‍ॅक्सेल या व्हेंचर फंडाने त्यांच्यात १० लाख डॉलर घातले. २०१० मध्ये टायगर ग्लोबलने १ कोटी डॉलर घातले. जुलै २०१४ मध्ये एकाच फेरीत १०० कोटी डॉलर आले. आणि मे २०१८ मध्ये वॉलमार्टने १,६०० कोटी डॉलर मोजून ७७ टक्के कंपनी घ्यायचं ठरवलं, तेव्हाच्या भावाने १ लाख कोटी रुपयांहून जास्त. इथे शेजारीपाजारी ही गोष्ट सांगताना चार लाखांवरून थेट वॉलमार्टवर उडी मारतात. आपल्याला मधलं बघायचं आहे.

मधली वर्षं हा पैसा गेला कशात? गोदामं बांधण्यात, स्वतःची पोहोचवण्याची यंत्रणा उभी करण्यात, सवलती देण्यात. आधी माल घरी, मग पैसे, ही सोय फ्लिपकार्टने २०१० मध्ये आणली. तिच्यामुळे कार्ड नसलेली, ऑनलाइन पैसे भरायला घाबरणारी माणसं गिऱ्हाईक झाली. पण त्यात पैसा अडकतो, माल परत येतो, त्याचा खर्च अंगावर पडतो. कुठलीही बँक अशा कामाला कर्ज देणार नाही. वॉलमार्ट आली तेव्हाही कंपनी तोट्यातच होती. व्हेंचर कॅपिटल, म्हणजे साहस भांडवल, हे असल्या कामासाठी असतं: आधी वाढा, नफा नंतर बघू.

हे कर्ज नव्हे, हे आधी लक्षात घ्या. त्याला व्याज नाही, हप्ता नाही, तारण नाही. फंड कंपनीचा हिस्सा विकत घेतो, आणि त्याला पैसे मिळतात ते तो हिस्सा पुढे कोणाला तरी विकल्यावर. कंपनी शेअर बाजारात आली, दुसऱ्या कंपनीने घेतली किंवा मागून आलेल्या फंडाने तो हिस्सा घेतला, तरच. अ‍ॅक्सेलने २००९ मध्ये पैसे घातले आणि फ्लिपकार्टमधला शेवटचा हिस्सा विकला २०२३ मध्ये. चौदा वर्षं झाली, आणि ही यशस्वी गुंतवणूक!

आता फंड. आपण भिशी लावतो, इथे त्याला कमेटी म्हणतात. दहा जणांचे पैसे एकत्र, तेवढं साम्य आहे, पुढे काही नाही. समजा १०० कोटींचा फंड आहे. पैसे देणारे म्हणजे विमा कंपन्या, बँका, परदेशातले पेन्शन फंड, मोठी श्रीमंत घराणी. आपल्या सरकारनेही २०१६ पासून सिडबीमार्फत यात पैसा घातला आहे, तोही थेट कंपन्यांना नाही, तर अशा फंडांना. मुदत साधारण दहा वर्षं. फंड चालवणारे वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास फी घेतात, शिवाय नफ्यातला पाचवा हिस्सा. दहा वर्षांत वीस कोटी फीतच गेले. राहिले ऐंशी कोटी. ते वीस कंपन्यांत चार-चार कोटी वाटले असं धरा.

पैसे देणाऱ्यांना दहा वर्षांनी निदान तिप्पट तरी हवे असतात. तिप्पट ऐकून भुरळ पडते, पण चक्रवाढीने मांडा. दहा वर्षांत तिप्पट म्हणजे वर्षाला साडेअकरा टक्क्यांच्या आसपास. एवढी जोखीम घेऊन, दहा वर्षं पैसे अडकवून याहून कमी कोण घेईल? आणि वीसपैकी निम्म्याहून जास्त कंपन्या बुडणार किंवा जेमतेम मुद्दल देणार, हे फंडवाल्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतं. सगळा फंड उरलेल्या एक-दोन कंपन्या तारतात. या धंद्याची चाल सुरुवातीपासून अशीच आहे. जॉर्ज डोरिओ नावाच्या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी १९४६ मध्ये अमेरिकेत अशी पहिली संस्था काढली. १९५७ मध्ये त्यांनी डिजिटल इक्विपमेंट या नव्या संगणक कंपनीत ७०,००० डॉलर घातले आणि चौदा-पंधरा वर्षांत त्यांचे ३५ कोटी डॉलरहून जास्त झाले. बाकीचं बरंचसं खातं त्या एका नोंदीच्या आधाराने उभं होतं.

यातून निघतं ते मुलीच्या कामाचं आहे. फंडवाला प्रत्येक कंपनीकडे बघताना एकच हिशेब करतो: ही एकटी माझा सगळा फंड परत करू शकेल का? शेवटी त्याच्या हातात १५ टक्के हिस्सा उरणार असेल, तर १०० कोटी परत यायला कंपनी सातशे कोटींच्या घरात जायला हवी. दवाखान्यांचं सॉफ्टवेअर विकून वर्षाला चाळीस लाख नफा कमावणारी कंपनी हा उत्तम धंदा आहे. तिघींचे संसार त्यावर चालतील. पण फंडवाला तिला नाही म्हणेल, आणि त्याचं गणित तेच सांगतं. त्याने नाही म्हटलं म्हणजे धंदा वाईट असं मुलींनी समजू नये. अशा धंद्याने व्हेंचर कॅपिटलच्या मागे लागून दोन वर्षं घालवावीत, हे मात्र मला वेडेपणाचं वाटतं.

आता इन्व्हेस्टर आले असं धरू. बाबांचं काय होतं ते आकड्यांत बघा. हे आकडे माझे, समजण्यापुरते, आणि सोपे जावेत म्हणून मी पंधराऐवजी दहा लाख धरले आहेत.

सुरुवातीला कंपनीची किंमत १ कोटी धरून बाबांनी १० लाख घातले. त्यांचा हिस्सा १० टक्के. पुढे एक फंड आला. पैसे येण्याआधीची किंमत ठरली ३ कोटी, फंडाने घातला १ कोटी, म्हणजे पैसे आल्यावरची किंमत ४ कोटी आणि फंडाचा हिस्सा २५ टक्के. बाबांचा हिस्सा पातळ होऊन साडेसात टक्क्यांवर आला. यात वाईट काही नाही. ४ कोटींचे साडेसात टक्के म्हणजे ३० लाख, कागदावर तिप्पट. पण फंडाचा तो १ कोटी गेला कंपनीच्या खात्यात, पगारांना, विक्रीला. बाबांना त्यातला रुपयाही मिळत नाही. इन्व्हेस्टरने पैसे द्यायचे आणि कंपनीने ते वडिलांना परत करायचे, हे कुठला इन्व्हेस्टर चालवून घेईल? "मग तुमचे पैसे मोकळे" हे वाक्य इथेच अडतं.

दोन वर्षांनी दुसरा फंड येतो. १५ कोटी घालून २० टक्के घेतो. म्हणजे कंपनी ७५ कोटींची झाली. पेपरात फोटो, मंडळात पेढे. बाबांचा हिस्सा आता ६ टक्के, कागदावर साडेचार कोटी! पण तो शेअर विकायचा कोणाला? तो बाजारात नाही. प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचा शेअर मनाला येईल त्याला विकताही येत नाही, करारात बंधनं असतात.

मग बाजार फिरतो, पुढचा फंड मिळत नाही, आणि कंपनी साडेसोळा कोटींना विकावी लागते. आपण म्हणू, सहा टक्के म्हणजे ९९ लाख, काय वाईट आहे? थांबा. फंडाने घेतलेले शेअर आपल्यासारखे साधे नसतात, प्रेफरन्स शेअर असतात. करारात लिहिलेलं असतं की कंपनी विकली गेली तर आधी फंडांची मुद्दल, मग बाकीचे. दुसऱ्या फंडाचे १५ कोटी गेले, पहिल्याचा १ कोटी गेला. उरले ५० लाख. ते साध्या शेअरवाल्यांत वाटायचे. त्यांच्या एकूण ६० टक्क्यांत बाबांचे ६, म्हणजे दहावा हिस्सा. हातात आले ५ लाख. कंपनी साडेसोळा कोटींना विकली गेली, आणि बाबांची निम्मी मुद्दल गेली. यात कोणी फसवलं नाही. सगळं करारात होतं, आणि करार ऐंशी पानांचा होता.

म्हणून मुलींना माझं सांगणं: फंडाबरोबरचा करार करताना किंमत किती लावली यावर जितकं भांडाल, तितकंच पैसे परत देण्याचा क्रम काय लिहिलाय यावर भांडा. आणि वकील स्वतःचा घ्या, फंडाने सुचवलेला नको.

संस्थापकांचंही असंच असतं. फ्लिपकार्ट विकली गेली तेव्हा सचिन बन्सल यांच्याकडे साडेपाच टक्क्यांच्या आसपास हिस्सा उरला होता. त्या साडेपाच टक्क्यांचेही सुमारे १०० कोटी डॉलर झाले, त्यामुळे कोणी हळहळायचं कारण नाही. पण त्याच व्यवहारात ते कंपनीतून बाहेर पडले आणि बिनीही त्याच वर्षी गेले. फंडाचा पैसा घेतला की कंपनी विकायची वेळ येणार, हे ठरलेलंच असतं. दहा वर्षांची मुदत फंडाची असते, पण घड्याळ कंपनीच्या भिंतीवर टांगलं जातं.

आता आपण छोटे बचत करणारे यात कुठे आहोत? सरळ उत्तर, या खोलीच्या बाहेर. सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे व्हेंचर फंडात एका गुंतवणूकदाराने साधारणपणे किमान १ कोटी घालावे लागतात. फंडाला लोकांत जाहिरात करून पैसे गोळा करता येत नाहीत. कंपनीनेही थेट शेअर द्यायचे तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ खाली वर्षाला दोनशेहून जास्त लोकांना देऊ करता येत नाहीत, आणि तेही नाव घालून पाठवलेल्या पत्राने. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर "पन्नास हजारांत स्टार्टअपचे मालक व्हा, बाजारात येण्याआधी शेअर घ्या" असं आलं, की पाठवणाऱ्याला विचारा, कुठल्या नियमाखाली? तो "सर, लिमिटेड ऑफर आहे" म्हणाला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

काहींना हे अन्यायाचं वाटतं, आणि त्यात थोडं तथ्य आहे. इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात निघाली, सुधा मूर्तींनी साठवलेल्या दहा हजार रुपयांवर. फंड नव्हताच. गिऱ्हाइकांच्या पैशावर वाढली आणि १९९३ मध्ये ९५ रुपयांना शेअर विकायला बाजारात आली. तो इश्यू तेव्हा पुरता भरलासुद्धा नाही! म्हणजे कंपनी लहान असताना सामान्य माणसाला दार उघडं होतं, फक्त फारसं कोणी आत गेलं नाही. आता कंपन्या दहा-दहा वर्षं फंडांच्या पैशावर वाढतात आणि बाजारात येतात तेव्हा किंमत आधीच चढलेली असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पेटीएमचा शेअर २,१५० रुपयांना दिला गेला आणि पहिल्याच दिवशी सत्तावीस टक्के पडला. त्याच वर्षी जुलैत झोमॅटो ७६ रुपयांना आली, पहिल्या दिवशी शंभरावर गेली, वर्षभरात पंचेचाळीसच्या खाली आली आणि २०२४ मध्ये अडीचशेच्या वर. ज्याला त्या पंचेचाळीसला झोप लागली, त्याचेच पैसे वाढले.

झोमॅटोचं आणखी एक. २०१० मध्ये तिच्यात पहिले पावणेपाच कोटींच्या आसपास घातले ते इन्फो एजने, नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या कंपनीने. ती स्वतः २००६ पासून बाजारात आहे. तिचा एक शेअर असलेल्या शाळामास्तरांचाही झोमॅटोत धागाभर वाटा होता, आणि विकावासा वाटला तर कुठल्याही दिवशी विकता येत होता. तिच्या इतर काही गुंतवणुका बुडाल्या, त्यातही धागाभर वाटा होताच. एवढ्या अंतरावरून हा खेळ बघायला माझी हरकत नाही.

पण मुलीची कंपनी काही अंतरावर नाही, ती घरात आहे. तेव्हा त्या गृहस्थांशी पुढे काय बोललो ते सांगतो.

आधी मुलीचंच बोललो. म्हटलं, सॉफ्टवेअर तयार व्हायच्या आधी तीन दवाखान्यांकडून थोडे का होईना, आगाऊ पैसे आण. गिऱ्हाइकाचा पैसा सगळ्यात स्वस्त, त्याला हिस्सा द्यावा लागत नाही, आणि पुढे फंडवाल्याकडे गेलीस तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल की पैसे देऊन कोण वापरतंय. कंपनी नोंदवून केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन विभागाकडून स्टार्टअपची मान्यता घे. २०२१ च्या सीड फंड योजनेत अशा नव्या कंपन्यांना नमुना तयार करण्यासाठी वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, इन्क्युबेटरमार्फत. आज कुठल्या योजनेचा अर्ज खुला आहे ते स्टार्टअप इंडियाच्या संकेतस्थळावर बघ. मोहालीत एसटीपीआयचं केंद्र आहे, तिथे जाऊन चौकशी कर. दारात बसून इन्व्हेस्टर येत नाहीत.

मग बाबांचं. पंधरा लाखांचा आकडा बाजूला ठेवला. विचारलं, किती गेले तर तुमच्या नि वहिनींच्या औषधपाण्याला धक्का लागणार नाही? बराच वेळ गप्प राहून ते म्हणाले, पाच. मी म्हटलं, मग बोलणं पाचचंच.

पाच कशा रूपात द्यायचे? तीन वाटा आहेत. मुलीला भेट द्या. बापाने मुलीला दिलेल्या भेटीवर तिला कर नाही, पण मग त्यावर तुमचा हक्कही नाही, शेअर तिचे. कंपनीचे शेअर स्वतःच्या नावे घ्या; मग वर सांगितलेलं सगळं गणित तुम्हाला लागू. किंवा कंपनीला कर्ज द्या. मुलगी संचालक असेल तर प्रायव्हेट कंपनीला संचालकाच्या नातेवाइकाकडून कर्ज घेता येतं, मात्र तुम्हाला लिहून द्यावं लागतं की हे पैसे मी स्वतः कुठून उसने घेतलेले नाहीत. म्हणजे एफडीवर ओव्हरड्राफ्ट काढून किंवा वहिनींच्या बांगड्या गहाण टाकून ते पैसे कंपनीला देता येणार नाहीत. नियम कंपनीसाठी केलाय, पण वाचवतो तुम्हाला.

एक कागद मात्र कितीही प्रेमाने पुढे केला तरी सही करू नका, निदान घरी आणून वाचल्याशिवाय. बँकेच्या कर्जाचा वैयक्तिक हमीपत्राचा. कंपनी "लिमिटेड" असते म्हणजे बुडाली तर शेअरवाल्याचं नुकसान त्याने घातलेल्या पैशापुरतंच. हमीवर सही केलीत की तुमच्यापुरतं ते "लिमिटेड" संपलं. मग बँक फ्लॅटपर्यंत येऊ शकते. कर्जखात्यात काम करताना अशा सह्या घेताना मी खूप बघितल्या आहेत. सही करणारा बाप कधीच कागद वाचत नाही, तो मुलाच्या तोंडाकडे बघत असतो.

आणि त्यांचा धाकटा मुलगा पुण्यात असतो. ताईला किती दिले, भेट म्हणून की कर्ज म्हणून, हे त्यालाही आजच फोन करून सांगा, म्हटलं. दहा वर्षांनी कपाटात कागद सापडून कळायला नको.

त्यांनी पाच लाख कंपनीला कर्ज म्हणून दिले, तीन वर्षांच्या मुदतीने, व्याजाचा दर लिहून, कंपनीच्या ठरावाची प्रत घेऊन. उरलेले दहा वहिनींच्या नावे पुन्हा एफडीत. मुलगी दोन दिवस रुसली होती, असं कळलं. मग एका दवाखान्याचा आगाऊ चेक घेऊन घरी आली.

आता प्रश्न विचारा. ज्यांनी स्वतःचे कागद आणले आहेत त्यांनी चहा झाल्यावर पुढच्या टेबलाशी यावं, एकेकाचे बघू.